फकिराची गोष्ट मुलांना सांगताना

१.
या मालिकेत एरवी मी शिलालेख, गॅझेटियर आणि सनावळ्या यांविषयी लिहिते. आजचा धागा जरा निराळा आहे. तो एका दरोडेखोराच्या गोष्टीविषयी आहे, आणि ती गोष्ट पहिल्यांदा सांगताना माझ्या हातून झालेल्या चुकीविषयीही आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
दिवाळीच्या सुट्टीत मी धनजला, घरी होते. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले हे आमचे गाव. सोयाबीन घरात येऊन पडले होते, कपाशीची वेचणी सुरू होती. आठवीत शिकणारी माझी भाची रॉबिन हूडचे एक संक्षिप्त पुस्तक वाचून उठली आणि म्हणाली, "आत्या, आपल्याकडे असा कोणी नव्हता काय?"

३.
मी म्हटले, होता. वाटेगावचा फकिरा. आणि उत्साहाच्या भरात हेही कबूल करून बसले की अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' ही कादंबरी बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना समजेल अशा रीतीने मी नव्याने सांगेन. दोन दिवस बसून वहीची चाळीसेक पाने लिहिली. तिसऱ्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहा-बारा मुले जमली.

४.
त्या मुलांत पंचक्रोशीतल्या एका फासेपारधी बेड्यावरून येणारा एक मुलगा होता. भाचीच्याच वर्गातला. त्याच्याविषयी तिने मला आधीच एक गोष्ट सांगितली होती, अगदी सहज, जणू त्यात काही विशेष नाही अशा स्वरात. वर्गात कोणाचे पैसे किंवा कंपासपेटी हरवली, की पहिले दप्तर त्याचे उघडले जाते. आजवर त्यात काही सापडलेले नाही. तरीही पुढच्या वेळी पहिले दप्तर त्याचेच.

५.
म्हणजे माझ्यासमोर प्रश्न केवळ साहित्याचा नव्हता. ज्याला जन्मापासून चोर मानले गेले आहे, त्याच्यासमोर एका थोर लुटारूची गोष्ट कशी सांगावी? आणि ज्यांनी त्याचे दप्तर उघडले जाताना पाहिले आहे, त्यांच्यासमोर कशी सांगावी? हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडायला हवा होता. पडला नाही. तो का पडला नाही, हे कळण्यासाठी आधी रॉबिन हूडकडे जावे लागेल.

६.
रॉबिन हूडचा सर्वांत जुना साहित्यिक उल्लेख १३७७ च्या सुमाराचा, विल्यम लँगलंडच्या 'पियर्स प्लाउमन' या काव्यातला. तिथे 'आळस' हे पात्र पाद्र्याच्या रूपात येते आणि कबुली देते की मला प्रार्थना नीट येत नाही, पण रॉबिन हूडची कवने येतात. म्हणजे त्या काळी हा नायक प्रतिष्ठितांचा नव्हताच. ज्या गाण्यांत वेळ दवडल्याबद्दल खंत व्हावी, तशा गाण्यांतला तो माणूस होता.

७.
१४५० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात 'रॉबिन हूड आणि मठवासी' हे कवन आहे. त्यात एक मठवासी रॉबिनला ओळखून पकडवून देतो. पुढे रॉबिनचे साथीदार त्या मठवाशाला वाटेत गाठून ठार करतात. त्याच्यासोबत एक लहानगा सेवक आहे. त्याने बातमी फोडू नये म्हणून मच् नावाचा साथीदार त्या पोरालाही मारतो. कवन त्याच्यासाठी थांबत नाही. ते पुढे निघून जाते.

८.
मुलांसाठीच्या बहुतेक आवृत्त्यांत हा पोर तुम्हाला सापडणार नाही. दर पिढीने गोष्ट थोडी धुतली. जुन्या कवनांतला रॉबिन 'योमन' आहे, म्हणजे सरदारही नव्हे आणि वेठीचा गडीही नव्हे, मधल्या फळीतला मोकळा माणूस. १५२१ मध्ये स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजर याने त्याला राजा रिचर्डच्या काळात नेऊन बसवले. १५९८ मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने त्याला थेट हंटिंग्टनचा उमराव केले.

९.
मग १७९५ मध्ये जोसेफ रिट्सनने जुनी कवने एकत्र छापली. हा गृहस्थ फ्रेंच राज्यक्रांतीचा चाहता. त्याला रॉबिनमध्ये जुलमी सत्तेविरुद्धचा बंडखोर दिसला. १८१९ मध्ये वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो'ने त्याला देशाभिमानी केले. १८८३ मध्ये हॉवर्ड पाइल या अमेरिकन लेखक-चित्रकाराने किशोरांसाठी जे सचित्र पुस्तक केले, त्याचाच हसरा, दिलदार रॉबिन जगभरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे राहिला. माझ्या भाचीच्या हातातले पुस्तकही त्याच वंशातले.

१०.
या पाचशे वर्षांचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. दरोडेखोराला घरात घ्यायचे, तर आधी त्याचे कूळ उंचावावे लागते आणि त्याच्या हातावरचे रक्त पुसावे लागते. तो मुळात उमरावच होता, अन्यायाने बेदखल झाला, असे एकदा ठरले की वाचकाला अवघडल्यासारखे होत नाही. जे साधे गडी त्याच्या मागे रानात गेले, ते का गेले, हे विचारायची मग गरज उरत नाही.

११.
आता वाटेगावकडे. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले हे गाव. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी इथल्याच मांगवाड्यात झाला. त्यांची 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. त्यांनी नायकासाठी कूळ शोधले नाही. फकिरा मांगच राहतो आणि शेवटपर्यंत मांग म्हणूनच ताठ उभा राहतो.

१२.
ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फकिराचा बाप राणोजी गावासाठी दुसऱ्या गावाची जोगणी आणतो आणि त्यात जीव गमावतो. पोर मोठे होते. दुष्काळ पडतो, मांगवाड्यात माणसे भुकेने मरू लागतात. फकिरा साथीदारांना घेऊन धान्याने भरलेला वाडा फोडतो आणि धान्य वाटतो. पुढे सरकारी खजिना लुटतो. अखेर सरकार त्याच्या जिवलगांना वेठीस धरते, तेव्हा त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो.

१३.
कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे: हजेरी. मांगांनी ठरल्या वेळी चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचे. माणूस शेतात असो, आजारी असो, नात्यातल्या लग्नाला गेलेला असो. हजेरी चुकली की तो गुन्हेगार. त्याने काय केले हा प्रश्नच नाही. तो कुठे आहे, एवढाच प्रश्न.

१४.
माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ही हजेरी एका ओळीत गुंडाळली. का? कारण ती मला कंटाळवाणी वाटली. मुलांना कायदा कशाला? त्यांना घोडा हवा, तलवार हवी, रात्रीची स्वारी हवी. म्हणून गबऱ्या घोड्याला मी तीन पाने दिली. वाडा फोडण्याला पाच. आणि पहिल्याच पानावर, सर्वांना बरे वाटावे म्हणून, एक वाक्य ठेवले: फकिरा चोर नव्हता.

१५.
गोष्ट रंगली, हे मान्य करते. मुले पुढे सरकून बसली. वाडा फुटला तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटी सगळे बोलू लागले, कोणाला घोडा आवडला, कोणाला राणोजी. बेड्यावरचा तो मुलगा गप्प होता. उठता उठता त्याने एकच विचारले: "ताई, पयले चोर नाव पडलं, का पयले चोरी केली?"

१६.
मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. कशाआधी काय घडले, हे सांगणे हाच माझा विषय. आणि माझ्या चाळीस पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण जिथे ते सापडले असते ती हजेरीच मी कापून टाकली होती. "उद्या सांगते," एवढेच म्हणता आले. त्या रात्री मी जी टिपणे काढली ती पुढे देते.

१७.
१८७१ चा सत्ताविसावा कायदा: गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला; १९११ च्या सुधारित कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येऊ लागला, १९२४ मध्ये पुन्हा बांधून काढला गेला. सरकारने एखादी 'जमात, टोळी किंवा वर्ग' अट्टल गुन्हेगार असल्याचे जाहीर केले, की तिच्या माणसांची नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना. या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे.

१८.
या कायद्यामागचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. इथे धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तर गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. म्हणजे आपल्याच जातव्यवस्थेचे गणित साहेबाने उचलले आणि त्यावर सरकारी शिक्का मारला. मांग, रामोशी, पारधी अशा अनेकांच्या नावांवर मग ठिकठिकाणी हा संशय कायम नोंदला गेला. तान्ह्या मुलाने अजून काही उचललेले नसते. त्याचे नाव मात्र आधीच ठरलेले असते.

१९.
दुसरे टिपण तंट्या भिल्लाचे. आमच्या वऱ्हाडाच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की निमाड लागते, तंट्या तिथला. १० नोव्हेंबर १८८९ च्या अंकात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्या अटकेची बातमी देताना त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. गोष्टींत आपण हा शेवट ऐकतो. मला त्या रात्री सुरुवात हवी होती.

२०.
सुरुवात अशी आहे. सुमारे १८७४ मध्ये तंट्याला पहिली अटक झाली. आरोप दरोड्याचा नव्हता. 'वाईट चरितार्थ' असा होता. म्हणजे हा माणूस कशावर जगतो ते सरकारला पटेना. त्यासाठी एक वर्ष तुरुंग. सुटून आल्यावर मोठे गुन्हे सुरू झाले. १८७८ मध्ये पुन्हा पकडला, खंडव्याच्या तुरुंगात ठेवला, तीन दिवसांत पळाला. पुढची अकरा वर्षे तो हाती लागला नाही. मुलाने विचारलेला क्रम इथे अगदी स्पष्ट आहे: आधी नाव, मग तुरुंग, मग दरोडा.

२१.
इथे एक सावधगिरीही हवी. यावरून प्रत्येक दरोडेखोर गरिबांचा कैवारी ठरत नाही. एरिक हॉब्सबॉम यांनी 'सामाजिक दरोडेखोर' ही कल्पना मांडली: सरकार आणि जमीनदार ज्याला गुन्हेगार म्हणतात, पण शेतकरी ज्याला आपला मानतात, असा माणूस. १९७२ मध्ये अँटन ब्लॉक यांनी तिच्यावर टीका केली. असे पुष्कळ दरोडेखोर स्थानिक बड्यांच्या आश्रयाने जगत आणि गोरगरिबांवरच दहशत बसवत, हा त्यांचा मुद्दा. तो विसरून चालणार नाही. मठवाशाच्या सोबतचा तो पोर काही श्रीमंत नव्हता.

२२.
पण एक योगायोग पाहा. हॉब्सबॉम यांचे 'प्रिमिटिव्ह रिबेल्स' हे पुस्तक, जिथे हा विचार प्रथम आला, १९५९ चे. 'फकिरा'ही १९५९ ची. एक लेखक केंब्रिजमध्ये शिकलेला. दुसरा जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला, वाटेगावाहून मुंबईला चालत आलेला, गिरणगावात आणि झोपडपट्टीत वाढलेला. दोघेही डाव्या चळवळीतले. जगाच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, दोघे एकच गोष्ट विचारत होते: याला दरोडेखोर कोण म्हणते आणि कशासाठी?

२३.
त्याच १९५९ चे तिसरे टिपण कमी आनंदाचे. गुन्हेगार जमाती कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणूनच भटके-विमुक्त समाज ३१ ऑगस्ट हा मुक्तिदिन मानतात. पण राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगारां'साठी नवे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ मध्ये आला. तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात वऱ्हाडही होते. म्हणजे अकोला जिल्ह्यातले तेव्हाचे धनजही त्याच्या कक्षेत आले.

२४.
कागदावर फरक मोठा आहे. नवा कायदा जन्म पाहत नाही, त्या त्या माणसाच्या शिक्षा पाहतो. पण कायदा बदलला म्हणून वर्गातली नजर बदलते असे नाही. आमच्या गावात पोलीस ठाणे आहे. 'ठाण्यात नेले' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कोणाला नेले हे ऐकल्यावर का नेले हे कोणी विचारत नाही, अशी काही नावे असतात. हे मात्र मी त्या रात्रीपर्यंत कधी नीट लक्षात घेतले नव्हते.

२५.
दुसऱ्या संध्याकाळी मी गोष्ट पुन्हा सांगितली. घोड्यापासून नाही, चावडीपासून. मुलांना ओळीने उभे केले आणि म्हटले, आता रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी इथे येऊन नाव सांगायचे. कारण विचारायचे नाही. दोन वेळा नावे झाली तोवर हसू चालले होते. तिसऱ्या वेळी एकाने विचारले, "पण आम्ही केलं काय?" मी म्हटले, "काही नाही. आता फकिरा ऐका."

२६.
या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. वाडा फुटला तेव्हा एका मुलीने विचारले, ज्याचे धान्य नेले त्याचे पुढे काय झाले? चांगला प्रश्न. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांत फकिराच्या बाजूची माणसे आहेत आणि त्याच्यावर उठलेलीही आहेत. अण्णाभाऊंनी माणसांची वाटणी जातीवरून सरसकट केलेली नाही. ते मुलांना लगेच समजले. मुलांना अवघड गोष्टी समजत नाहीत, हा समज बहुधा मोठ्यांच्या सोयीचा असतो.

२७.
मग माझी भाची मध्येच म्हणाली, "आत्या, आमच्या वर्गात पण हजेरीच आहे. याच्या एकट्याच्या दप्तराची." ओसरीवर कोणी बोलेना. तो मुलगा जमिनीकडे पाहत होता. मला वाटले, हे बोलायला नको होते. त्याला सर्वांसमोर उघडे पाडल्यासारखे झाले. अजूनही ती शंका पूर्ण गेलेली नाही. पण जे सर्वांसमोर रोज घडत होते, त्याला नाव मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा मिळाले.

२८.
जाताना त्याने माझी वही वाचायला मागून नेली. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी परत आणली. पहिल्याच पानावर 'फकिरा चोर नव्हता' या वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "ताई, मंग धान्य कोनं नेलं? नेलं त नेलं लिवा ना. काहून नेलं तेबी लिवा."

२९.
पाचशे वर्षे जगभरचे लेखक रॉबिन हूडला धूत बसले. मीही फकिराला धुवायला निघाले होते. चोर नव्हता म्हटले की आपली सुटका होते. चोरी झाली हे मान्य करायला नको, आणि ती कोणत्या भुकेने, कोणत्या हजेरीने घडवली याचा हिशेबही द्यायला नको. अण्णाभाऊंनी तो हिशेब मांडला होता. माझ्या खर्ड्यातून तो गळला, आणि आठवीतल्या एका मुलाने तो परत मागितला.

३०.
ते वाक्य मी खोडले आहे. आता पहिल्या पानावर असे आहे: फकिराने धान्य नेले. ते का नेले, हे सांगण्यासाठी ही गोष्ट आहे.

वहीची उरलेली पाने पुन्हा लिहिते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत धनजला गेले की त्याच ओसरीवर वाचून दाखवीन. तुमच्या भागात अशा कोणाची गोष्ट मुलांना सांगितली जात असेल, तर जरूर कळवा. पण शेवटापासून नको, पहिल्या अटकेपासून.